लिस्बनच्या गल्लीत नाना

दिंडोरीच्या स्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली होती. नाना, माझे वडील, आले नव्हते. त्यांनी जन्मभर द्राक्षं पिकवली, पण त्याच द्राक्षांची वाइन करायला शिकण्यासाठी घरातली पोरगी पोर्तुगालला जाते, हे भावकीत सांगायची त्यांना लाज वाटत होती. बस सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "पोटभर जेवत जा. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे नाना. आईने ते वर्षानुवर्षं बघितलं. फोनवर माझं त्यांना सांगायची, त्यांचं मला. मागच्या वर्षी ती गेली, आणि आम्हा दोघांच्या मध्ये कुणी उरलं नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना ती फोनवरची शांतता माहीत असेल.

यंदा नाना लिस्बनला आले. पहिल्याच संध्याकाळी, बॅग उघडायच्या आधी त्यांनी सांगून टाकलं. गंगापूर रोडला फ्लॅट घेतला होता, माझ्यासाठी. "नाशकात वायनऱ्या कमी हायेत का? चल परत. दोघं राहू." आता त्यांना माझ्या कामाची लाज राहिली नव्हती, त्यांना फक्त एकटं राहवत नव्हतं. मला हो म्हणवेना आणि नाही म्हणणं तर त्याहून जड होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना शहर दाखवायला घेऊन निघाले.

लिस्बन टेकड्यांवर वसलंय. जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. घरांना खालपासून वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या टाइल्स. नानांनी एका भिंतीवरून हात फिरवला. म्हणाले, "आपण ह्या मोरीत लावतो. ह्यांनी घराला नेसवल्यात." नदीकाठच्या जुन्या मठात शिरताना त्यांनी सवयीने चपला काढल्या, आणि पहारेकऱ्याने खुणा करून त्या परत घालायला लावल्या. आतल्या खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड ते मान वर करून बघत राहिले. हे सगळं आपल्याकडच्या मिऱ्यांच्या व्यापारावर उभं राहिलं, असं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, की पैसा कुणाचाही असो, हात तर पाथरवटांचेच लागले असतील.

परतताना चढावर मला ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत मी पुढे गेले. वळून पाहिलं तर नाना नाहीत. त्यांचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये होता. एकसारख्या दिसणाऱ्या त्या गल्ल्यांतून मी हाका मारत पळत सुटले. आईने जे एवढी वर्षं सांभाळलं, ते मी एका फोनच्या नादात हरवलं, असंच वाटत होतं.

शेवटी घराकडे धावले, तर आमच्याच इमारतीच्या अंगणात नाना खुर्चीवर बसलेले. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या मारियाबाई त्यांच्यासमोर वाडगा ठेवत होत्या. "बटाटा," त्या सूपकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बटाटाच," नाना म्हणाले. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, हे दोघांनाही माहीत नव्हतं. तरी दोघंही खूश होते.

मी धापा टाकत शेजारी बसले. नानांनी सांगितलं, की रस्ता कळेना तेव्हा ते कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरले आणि नुसतं माझं नाव घेतलं. मला रोज पाव देणारी बेकरीवाली हात धरून इथपर्यंत घेऊन आली.

"नुसतं 'मनू' म्हणालो," ते म्हणाले. "आता दिंडोरीत बी असं कुणी पोचवत नाय."

मग सूप ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो फ्लॅट भाड्यानं देऊन टाकतो. तू इथंच राहा."

हेच त्यांनी म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. पण ऐकल्यावर एकदम पोरकं वाटलं.

"आणि तुम्ही, नाना?"

"मी हाय की तिथं. मी हाय तोवर तुझं घर हाय तिकडं."

माझं तिकडचं घर माझ्या शेजारी बसलं होतं. थकलेलं, वाडगा दोन्ही हातांत धरून फुंकर घालणारं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सूप संपेपर्यंत तो काढला नाही.