दोनशे चाळीस बाया आणि हरणाबाईची अयोध्या

मी नर्स. लोहाऱ्याकडच्या एका उपकेंद्रावर माझी सगळी उमर गेली. सुया टोचल्या, बाळंतपणं केली, पुढाऱ्यांची बोलणी खाल्ली, पण डोकं जाग्यावर ठेवलं. ते फिरवलं फक्त हरणाबाईनं आणि त्या कॉम्प्युटरनं. दोघांत जास्ती कुणी, ते मला आजबी सांगता येत न्हाय.

हरणाबाई आमच्याकडं मदतनीस, अन् गावची सुईण. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. सरपंचालासुद्धा "तुझी नाळ म्या कापलीया, गप बस" म्हणायची. तिला एकच पोर, अयोध्या. बाहत्तरच्या दुष्काळापाठोपाठ ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आईच्या हातावरच गेली. रक्त थांबलंच न्हाय, अन् अंगात मुळात होतं तरी कुठं! हरणाबाई तिला रक्तवाढीची सरकारी लाल गोळी रोज एक देत होती, सांगितल्याबरहुकूम. तेव्हापासून नवा डॉक्टर आला की हिचा एकच सवाल, "रोज दोन दिल्या असत्या, तर वाचली असती का वो?" डॉक्टर लोक मान हलवायचे, चहा प्यायचे आणि जायचे.

शहाऐंशी साली पुन्हा पावसानं दगा दिला, त्या साली शांतलिंग डॉक्टर आले. मूळचे उमरग्याचे, पण शहरात मोठ्या दवाखान्यात शिकवणारे. त्यांना नेमकं हेच बघायचं होतं. निम्म्या गरवार बायांना रोज एक गोळी द्यायची, निम्म्यांना दोन, आणि नवव्या महिन्यात रक्त तपासायचं. हरणाबाई तर खुळ्यागत हसायलाच लागली. "बाई, माझाच सवाल घिऊन आलंय हे लेकरू!"

बाया किती घ्यायच्या ते ठरवायला डॉक्टर आम्हा दोघींना एका सहकारी साखर कारखान्याच्या कचेरीत घेऊन गेले. उसाच्या हिशेबाला तिथं नवाच कॉम्प्युटर आणला होता. आम्ही चपला बाहेर काढल्या. डॉक्टरांनी आपली फ्लॉपीची चकती आत सरकवली. मशीन एकेक विचारत गेलं, डॉक्टर बटणं दाबून सांगत गेले, आणि शेवटी आकडा आला, दोनशे चाळीस.

"अवो, अजून एका बाईनं गोळी गिळली न्हाय, अन् याला कसं कळलं किती बाया लागतील?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, दोन गोळ्यांनी फरक पडत असला, तरी बाया थोड्या असल्या तर तो नजरेतून सुटतो. एवढ्या घेतल्या, तर शंभरातल्या ऐंशी वेळा सापडेल."

"अन् उरलेल्या वीस वेळा?"

"फरक असूनही सापडणार नाही."

अगं बया! मग एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या ओठावर आलं होतं. मधेच सोडून जाणाऱ्या शेकडा दहा बाया त्या आकड्यात धरल्यात, असंही ते म्हणाले. माझ्या टाळक्यात काही शिरलं न्हाय. "बाया कमी पडल्या तर उत्तर मिळायचं नाही," एवढं मात्र हरणाबाईनं मनात घट्ट धरलं, आणि तिथंच घोळ झाला.

आसपासच्या गावांतून बाया गोळा केल्या. एक गोळी कुणाला, दोन कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सगळ्यांचं रक्त मी सुरुवातीलाच घेतलं. गोळ्या घरोघर पोचवायचं काम हरणाबाईकडं. मी अधूनमधून विचारायची, "सगळ्या हायत का मावशी?" ती म्हणायची, "एक बी कमी न्हाय." डॉक्टर खूश, मीबी खूश.

नवव्या महिन्याच्या तपासणीला मी हाक दिली, "पुतळाबाई!" तर भलतीच पोरगी समोर येऊन बसली.

"ही कोण वो मावशी?"

"ही मालन, आपल्या गावची लेक. पुतळाबाई गेली की म्हायेराला, पयलं बाळंतपण न्हाय का! तिच्या जागी हिला घेतलं."

"जागी म्हंजे? यष्टीतली सीट हाय का ती?"

"एक गेली, एक आली. दोनशे चाळीस भरल्या का न्हाय?"

मी घाईनं यादी हातात घेतली. पुढची नावं पुकारली, तर निम्म्याअर्ध्या ठिकाणी तेच. सातव्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाणार, हे मला ठाऊक, डॉक्टरांनाबी ठाऊक. त्यांची स्वतःची बायको तेव्हा माहेरी गेलेली! तरी मशीनला सांगताना ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय. कुठं गहाण पडली होती आमची अक्कल, देव जाणे.

"मावशी, ह्या पोरींचं आधीचं रक्त कुणी बघितलंय? आता काय ताडून बघायचं?" मी ओरडलेच. "अन् गोळ्या किती दिल्या यांना?"

"दोन. समद्यांस्नी दोन." मग तिचा आवाजच खाली गेला. "बाई, बाळंतपणाला आलेल्या लेकी. अयोध्येगत पांढऱ्याफट्ट. गोळ्या हातात असताना त्यांस्नी तशाच ठिवू व्हय?"

मला रागवावं का रडावं, कळेना. चुकलं म्हणावं, तर काय चुकलं? बरोबर म्हणावं, तर सगळ्या कामाचा विचका झालेला.

डॉक्टर ओरडले न्हायत. आम्हाला घेऊन पुन्हा कचेरीत गेले. जाणाऱ्या बाया शेकडा दहाच्या जागी चाळीस, असं मशीनला सांगितलं, तर ते म्हणालं तीनशे साठ लागतील. आमच्याकडं खऱ्याखुऱ्या उरलेल्या दीडशेबी नव्हत्या. "आता फरक आहे की नाही, सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी फरक न्हाय?" हरणाबाईनं विचारलं.

"तसंही नाही. असेल, नसेल. आपल्याला कळणार नाही."

असेल तर असेल म्हणावं, नसेल तर नसेल. हे मधलंच काय, मला आजतागायत उमगलं न्हाय. हरणाबाई मशीनच्या जवळ सरकली. मग पदर सावरून म्हणाली, "एवढ्या बायांचं ऱ्हाऊ द्या. त्याला एका बाईचं इचारा. माझ्या अयोध्येचं."

"मावशी, एका बाईचं ते सांगत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "त्याला पुष्कळ बाया लागतात."

"अवो पर," हरणाबाई म्हणाली, "मला एकच व्हती."