थांबणाऱ्या गाडीचा माणूस

शब्बीरची गादी उन्हात टाकत होतो, तेव्हा फोन आला. त्याची गाडी अमरावतीला माझ्या अंगणात उभी होती, तो दवाखान्यात होता, आणि आदल्या संध्याकाळी खाटेवरून त्याने मला एकच काम सांगितलं होतं, "वसंता, गाडीतली गादी उन्हात टाकजो. दाबून गेली असंन." स्वतःच्या छातीची चौकशी नाही, डॉक्टर काय म्हणाले ते विचारणं नाही... गादी. मी ती फाटकाजवळ बाजेवर पसरली, हाताने थोपटली, कोपरे सरळ केले, आणि घरातून बायकोने हाक मारली. तिच्या आवाजावरूनच कळलं. फोनवर शब्बीरची बायको, रशीदाभाभी होत्या; शब्बीर गेला होता.  बाहेर गादी उन्हात हळूहळू फुगत होती.

याला आता काही आठवडे झाले. शब्बीर आणि मी अकोल्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढे मी अमरावतीला भूगोल शिकवायला आलो आणि तो मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात वडिलांच्या गादीघरात बसला. पिंजाऱ्यांचं घराणं ते. रुई तो पिंजायचा, गादी भाभी शिवायच्या. आमच्या भागातल्या कितीतरी शेतकरी घरांत लेकीचं लग्न ठरलं की पहिल्या वेचणीचा थोडा कापूस तिच्या गादीसाठी बाजूला निघायचा. लेकीने आपल्याच वावरावर निजावं, असं म्हातारी माणसं म्हणायची. शब्बीर गावोगाव हिंडून तो कापूस आणायचा आणि लग्नाच्या आधी गादी पोचवायचा. नवरी बसेपर्यंत त्या गादीवर कुणी टेकायचंसुद्धा नाही, हा त्याचा दंडक. पण प्रत्येक गादीमागे मूठभर रुई उरायची. ती तो घरच्यांना विचारून ठेवून घ्यायचा आणि तिची एक वेगळी गादी करायचा. ही त्याची रस्त्याची गादी, गाडीच्या टपावर कायम बांधलेली. दरवर्षी ती उसवायची, पुन्हा पिंजायची, नव्या सालातल्या मुठी तिच्यात मिसळायच्या. बार्शीटाकळीपासून थेट मूर्तिजापूरपर्यंतची गावं त्या एका गादीत होती.

रस्त्याला गादी लागायची, कारण गाडी 'दिलावर' कंपनीची होती. ही गाडी आता फारशी कुणाला आठवणार नाही. तोंड लांबट, अंग रुंद, मागचं बाक काढलं की खोलीएवढी जागा. नाव दिलावर आणि चढ दिसला की धाप! पाऊस पडला की भिजून बंद, नाही पडला की तापून बंद. तरुणपणी आम्ही दोघांनी एकाच सुमाराला दोन दिलावर घेतल्या, त्याची पांढरी, माझी राखी. माझी निष्ठा धारणीच्या रस्त्यावर संपली. बायकोला मेळघाट दाखवायला निघालो होतो. ऐन जंगलात गाडीने मान टाकली आणि शेवटी आम्ही दोघं एका प्रवासी जीपच्या टपावर, कांद्याच्या पोत्यांना धरून धारणीत पोचलो.  घरी आल्यावर बायको म्हणाली, आता या घरात ती राहील नाहीतर मी. मी फार विचार केला नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. ती किल्ली फिरवली की सुरू व्हायची आणि पोचायच्या ठिकाणी पोचायची. शब्बीर तेव्हापासून मला चारचौघांत 'फितूर' म्हणायचा, आणि मी त्याला 'दिलावरच्या दर्ग्याचा शेवटचा मुजावर'.

भाभींना ही गंमत कधी आवडली नाही. तो उशिरा घरी आला की त्या दारातच तीन प्रश्न विचारायच्या. कुठी थांबली? गादी काढली होती? कोन कोन आलं होतं? सुरुवातीला ती निव्वळ उलटतपासणी होती. पण वर्षं गेली तसा पहिल्या दोन प्रश्नांतला राग विरला, आणि तिसऱ्यासाठी त्या आधीच चहा टाकून बसू लागल्या. कारण गाडी थांबायची, गादी पसरली जायची आणि आजूबाजूच्या वावरांतून माणसं यायचीच. कुणी पाना आणायचं, कुणी पाणी, कुणी नुसताच सल्ला. भाभी क्वचितच गावाबाहेर पडायच्या, पण कुणाची म्हैस व्याली आणि कुणाचा जावई रुसून गेला, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

मग शब्बीरच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, आणि गंमत संपली. त्याच्यादेखत भाभी मला म्हणाल्या, "वसंतभाऊ, तुमीच सांगा याईले. ज्या दिवशी खरोखरचं काम पडंन ना, त्या दिवशी हे गाडी आपल्याले रस्त्यात सोडून देईन. मी एकटी काय करू मंग? कोनाले हाका मारू?"  जुनी दिलावरही तेव्हा अगदीच मोडीत निघाली होती, म्हणून मी त्याला अमरावतीला माझ्या गाडीच्या कंपनीच्या दुकानात नेला. नव्या गाडीत बसवला, बडनेऱ्यापर्यंत फिरवून आणला. गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "चांगली हाय. पन आवाजच नाही हिले. गावात पाहुना आला, हे लोकाईले मालूम कसं पडंन?" आणि पुढच्याच आठवड्यात कुठूनशी एक जुनी, पुन्हा पांढरीच दिलावर घेऊन आला. कंपनी तोवर बंदही पडली होती! भाभींनी अबोला धरला. ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. दारातले तीन प्रश्न मात्र तेवढ्यातही चुकले नाहीत.

मला त्याचा खरोखर संताप आला होता. म्हणून एकदा सुट्टीत मुद्दाम त्याच्याबरोबर दिवसभर हिंडायचं ठरवलं, वाटेत त्याला वळवायचं म्हणून. ती सालं वाईट होती, नापिकीची आणि कर्जाची. पेपर उघडला की कुठल्यातरी गावाचं नाव असायचं, आणि ते आपल्या ओळखीचं नसावं म्हणून मी आधी क्षणभर डोळे मिटायचो. गावांत माणसं ओट्यावर बसलेली दिसत, पण बोलत नसत. गादीसाठी कापूस द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "शब्बीरभाई, जराशी बारीकच शिवजा." त्या दिवशी परत येताना काटेपूर्णेच्या पुलाजवळ, रस्त्याकडेला एक मोठा कडुलिंब आहे, तिथे दिलावर थांबली. तिची ती आवडती जागा. शब्बीरने शांतपणे टपावरून गादी काढली, लिंबाखाली पसरली आणि बॉनेट उघडलं. थोड्या वेळाने पराटीतून, कपाशीच्या वावरातून, एक माणूस आला. महादेव त्याचं नाव. शब्बीर मला हळूच म्हणाला, याचा भाऊ या पावसाळ्यात गेला... कसा, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत विचारावं लागत नव्हतं.

महादेवने इंजिनात डोकावून पाहिलं, एक नळी हाताने दाबून बघितली, मग गादीच्या कडेला टेकला. बराच वेळ गादीवर तळवा फिरवत राहिला. म्हणाला, "याच्यात आमच्या सुमीच्या गादीची मूठ असंन ना, शब्बीरभाई? भाऊनं लेकीसाठी सोता वेचला होता तो कापूस." शब्बीर म्हणाला, "हाय ना. कुठी जाईन?" मग महादेव बोलायला लागला. भावाचं बोलला, वावराचं बोलला, घरात बाया रात्रभर जाग्या असतात ते बोलला, आणि बोलता बोलता आडवा झाला आणि झोपला. लहान पोर झोपतं तसा, तोंड उघडं टाकून. इकडे गाडी सुरू झाली. शब्बीरने ती पटकन बंद केली. मी म्हणालो, "अबे, झाली ना सुरू, चाल. मले उशीर होऊन राहिला." तो म्हणाला, "झोपू दे त्याले." लिंबाची सावली सरकायची, तसे आम्ही दोघं गादीचे कोपरे धरून झोपलेल्या महादेवला सावलीत ओढायचो. दोन मध्यमवयीन माणसं, सुरू होणारी गाडी बंद ठेवून, एका परक्या माणसाला झाडाभोवती फिरवत होती. वारा पडला होता, पराटीत बोंडं पांढरी दिसत होती, रस्त्यावरच्या गाड्या सूं करून निघून जात होत्या. मला कुणी विचारलं असतं की आता काय वाजलंय, तर सांगता आलं नसतं. ऊन उतरल्यावर महादेव उठला, ओशाळला, आणि पाणी आणतो म्हणून गेला.

पुढे वाटेत शब्बीर आपणहून म्हणाला, "मानूस दुकानात येते तवा गिऱ्हाईक रायते, लेका. काई बोलत नाही. अठी कसं हाय, मीच अडकून पडलेलो. अडकलेल्या मानसाजवळ कोनाले लाज वाटत नाही." मग म्हणाला, "रशीदाचंही खरं हाय. मले मालूम हाय ते. पन मी काय करू, सांग तू." गाडी बदल म्हणून सांगायला मी गेलो होतो. ते तसंच राहून गेलं.

भाभी ज्याला भीत होत्या तो दिवस यंदा आला, शब्बीरच्या छातीत पुन्हा कळ आली. मी योगायोगाने अकोल्यातच होतो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अमरावतीला न्या, पण आडवं न्या, फार हलवू नका. माझी गाडी गल्लीच्या तोंडाशीच होती, पण तिच्यात माणूस आडवा होईना. दवाखान्याची गाडी वाशीमकडे गेलेली, केव्हा येईल सांगता येत नव्हतं. भाभींनी एकदा माझ्या गाडीकडे पाहिलं, एकदा दिलावरकडे. आयुष्यभर जिच्यासाठी भांडल्या, तिच्याकडे. मग म्हणाल्या, "दिलावर काढा." टपावरची गादी काढून आम्ही मागे पसरली, शब्बीरला निजवलं. भाभींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी कितीतरी वर्षांनी दिलावरच्या चाकामागे बसलो. 

ती सुरू झाली. बोरगाव मंजू मागे पडलं. मी कान इंजिनाला लावून बसलो होतो, प्रत्येक खडखडाटाला वेग कमी करायचो. मागे भाभींचं पुटपुटणं ऐकू येत होतं, दुवा मागत होत्या. पुलाजवळ आलो आणि शब्बीरने मान उचलली. "लिंब आला काय रे?" मी म्हटलं, हो. तो वाट पाहत राहिला. लिंब मागे गेला. "थांबून नाही राहिली आज?" मी म्हटलं, "नाही बावा." त्याने मान पुन्हा भाभींच्या मांडीवर टेकली. मग म्हणाला, "तबियत बराबर नाही वाटते तिची." भाभी एकदम हसल्या. हसता हसता रडल्या, आणि तोही हसला. ती दिलावर कुठेही न थांबता बडनेऱ्यावरून सरळ दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने मला खोटं पाडलं आणि भाभींनाही, आणि त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला की उतरल्यावर मी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. पण शब्बीर गेलाच. गाडीचं काही चुकलं नव्हतं.

भाभी आता इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या महिन्यांत घराबाहेर पडत नाहीत. परवा त्यांचा फोन आला. दिलावरला गिऱ्हाईक आलंय, आता चालवणार कोण, आणून द्या. शहाणपणाचंच होतं ते, मीही हो म्हणालो. गादी टपावर बांधली आणि निघालो. मूर्तिजापूर गेलं, आणि लिंबाजवळ ती थांबली. मी किल्ली फिरवली, शिव्या घातल्या, खाली उतरून एक लाथही मारली. मग नुसताच उभा राहिलो. मग टपावर चढून गादी सोडली आणि लिंबाखाली पसरली... मला दुसरं काही सुचलंच नाही.

महादेव आला. केस पिकलेत आता. "शब्बीरभाई कुठी गेले? पाना आनाले?" मी सांगितलं. तो गादीच्या कडेला बसला आणि पहिल्यासारखाच तळवा फिरवत राहिला. वेचणीच्या दोन बाया आल्या, त्यांनाही त्यानेच सांगितलं. मला रडू आलं तेव्हा कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे इंजिनाकडे पाहत होते. जाताना महादेव म्हणाला, "यंदा माह्या पोरीचं हाय. कापूस काढून ठेवला होता त्याईच्यासाठी. आता कोनाले देऊ?"

दिलावर मग मुकाट सुरू झाली. जुन्या शहरात पोचलो तर दिवेलागण झाली होती; माझी गाडी त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. गिऱ्हाईक वाट पाहून निघून गेलं होतं, उद्या येतो म्हणून. मी दाराच्या पडद्याबाहेर ओट्यावर बसलो. आतून बांगड्याही वाजल्या नाहीत. मग आवाज आला, "कुठी थांबली?"

"लिंबाजवळ."

"गादी काढली होती?"

"काढली."

 मला वाटलं, तिसरा प्रश्न आता यायचा नाही. पण आला. "कोन कोन आलं होतं?" मी सगळं सांगितलं. महादेवचं, त्या बायांचं, पोरीच्या लग्नाचं, काढून ठेवलेल्या कापसाचं. भाभी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पिंजून घेऊ कोनाकून तरी. शिवाले मी हाव ना. तो कापूस आनाले लागंन, वसंतभाऊ."

मी म्हटलं, "उद्याच जातो. माही गाडी घेऊन जातो, भाभी. लवकर होईन."

पडद्याआडून लगेच उत्तर आलं, "तुमची नोका नेऊ. ते तं कुठीच थांबत नाही."

मी उठलो आणि गादी पुन्हा दिलावरच्या टपावर बांधली.