विमानाला लावलेलं कुंकू

रशीद गेला, त्यात माझा हात आहे.

वर्षभर हे कुणाला बोललो नाही. आज खंडेनवमी. तिथीनं वर्ष झालं, आणि सकाळपासून तुम्ही सगळे मागच्या खंडेनवमीचा, त्याचा तोच शेवटचा फोटो शेअर करताय.

पांढरं विमान, पंखाखाली हसणारा रशीद, आणि शेजारी पूजेचं ताट घेतलेली माझी आई.

फोटो छान आहे. फक्त झूम करू नका. मी केलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही दोघं येरमाळ्याचे, पहिलीपासून एका बाकावर. त्याची अम्मी लवकर गेली, त्यामुळं दहावीपर्यंत त्याचा अर्धा डबा आमच्याच घरचा. वडिलांचं हायवेला ट्रकचं गॅरेज. हा शिकून विमानांचा इंजिनिअर झाला, मग उडवायलाही शिकला.

पन्नाशीत नोकरी सोडून परत आला आणि धाराशिवच्या धावपट्टीच्या कडेला कित्येक वर्षं सडत पडलेलं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप विमान विकत घेतलं.

आत चिमण्यांची घरटी होती. लोक म्हणायचे, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मीही म्हणायचो, पण तोंडावर.

सहा वर्षं लागली. दर रविवारी मी जायचो. मी पडलो शाळामास्तर, पाना कसा धरायचा ते माहीत नाही. माझं काम चहा आणणं आणि अक्कल पाजळणं.

दोन्ही इंजिनं पहिल्यांदा एकदम चालू झाली त्या दिवशी हा माणूस खाली बसून रडला. मी त्याला हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

पहिलं उड्डाण दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीलाच. आमच्याकडं त्या दिवशी मोटरसायकलपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आई म्हणाली, रशीदच्या विमानाला कोण करणार, मीच येते.

आई वाकून वाकून कुंकू लावत गेली. नाकाला, चाकांना, दाराला.

विमानाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक असतं, भोवती छोटीशी गोल पट्टी. बाहेरची हवा त्यातून आत जाते आणि तिच्यावर उंचीचा काटा फिरतो. आईला ते गोल कपाळासारखं वाटलं असणार. तिनं दोन्हीकडं ओलं कुंकू लावलं, बोट दाबून.

रशीदनं बघितलं. खिशातलं फडकं काढलं. आईकडं बघितलं आणि फडकं परत खिशात ठेवलं.

वर गेलो. मी त्याच्या शेजारच्या सीटवर. माकणीच्या धरणाचं पाणी दिसलं तसा मी फोटो काढत सुटलो. मग लक्षात आलं की रशीद बोलायचा थांबलाय.

उंचीचा काटा हललाच नव्हता. आम्ही एवढे वर, आणि काटा म्हणतोय तुम्ही अजून धावपट्टीवरच उभे आहात. वेगाचा काटाही खोटं बोलत होता.

रशीदनं काट्यांकडं बघणं सोडलं आणि नुसत्या डोळ्यांनी जमीन बघत विमान उतरवलं. आभाळ स्वच्छ होतं म्हणून उतरलं.

खाली आल्यावर मी भांडलो त्याच्याशी. कळत होतं तर पुसलं का नाहीस?

"काकूंच्या हातचं कुंकू त्यांच्यासमोर मी कसं पुसू यार?" तो म्हणाला. "आन त्यांना हे कधीच कळू द्यायचं न्हाय. शपथ हाय तुला."

मी शब्द दिला.

पुढच्या वर्षीची तोड त्यानंच काढली. काकूंचं कुंकू स्वतःच्या हातानं पुसणं त्याला त्यांच्यामागंही जमणार नव्हतं. आईला पूजा करू द्यायची. ती गेली की तो कागदपत्रांसाठी ऑफिसात जाणार, तेवढ्यात मी येऊन दोन्ही बाजूंचं पुसणार. शाळा पाच मिनिटांवर.

आईला सांगितलं असतं तर तिनं हसून चाकाला लावलं असतं. एवढंच होतं. आम्ही दोन शहाणे तिला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलो.

मागच्या खंडेनवमीला शाळेत पाटीपूजन होतं. आई शेजाऱ्यांच्या गाडीनं धावपट्टीवर गेली, पूजा केली, घरी पोचली आणि मला फोन केला की सगळं नीट झालं. वर्गात नुसता कालवा. पुसायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

दहा मिनिटांनी रशीदचा फोन.

"झालं का?"

मी म्हटलं, "व्हय, झालं. निघ तू."

तो पुसण्याचं विचारत होता. मी पूजेचं सांगत होतो.

त्याची विमानाची तपासणी पहाटेच झाली होती, पूजेच्या आधी. आणि मी झालं म्हटल्यावर त्यानं परत बघितलं नसणार. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

आभाळ सकाळपासून खाली उतरलं होतं. वीस मिनिटांत येतो म्हणून एकटाच गेला. शाळेवरून आवाज गेला तेव्हा पोरांनी खिडकीतून हात हलवले. मीही हलवला.

ढोकीकडच्या उसात पडलं.

चौकशी अजून चालू आहे. कुणी इंजिनाचं म्हणतं, कुणी ढगांचं. खरं कारण मलाही माहीत नाही. पण त्या फोटोत आईच्या कोपराच्या वर लाल ठिपका दिसतो, नेमका त्या भोकावर. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही. भ्यालो, दुसरं काय.

दसरा झाला की चौकशीवाल्यांकडं जाऊन सगळं सांगणार आहे.

आईला मात्र नाही. ती फेसबुकवर नसते. तिला हे कुणी वाचून दाखवू नका, हात जोडतो.

आज सकाळी ती माझ्या मोटरसायकलला कुंकू लावत होती. मध्येच हात थांबला.

"म्या तर समदीकडं लावलं होतं रे," ती म्हणाली. "एखादी जागा राहिली का माझ्याकडनं?"

"न्हाय आई," मी म्हटलं. "एकबी जागा राहिली नव्हती."

रशीद, तुझी शपथ अजून पाळतोय.

माफ कर, दोस्ता. शेवटचा सलाम.