फळीच्या पलीकडची खाण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सुट्ट्या मानवत नाहीत. सुट्ट्या लागल्या की घरोघरी पाहुणे येतात, सहाजणांच्या लिफ्टमध्ये नऊजण शिरतात आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच बसकण मारते. तरीसुद्धा बाळ्या दर वर्षी थंडीच्या सुट्टीतले दोन-तीन दिवस कुणाच्या तरी हातापाया पडून मोकळे करायचा आणि ताईकडे जायचा. बाळ्या म्हणजे आता काही बाळ नव्हे. डोक्यावरचे केस कधीच गेले होते, मुलगी नोकरीला लागली होती आणि इमारतींमधली पोरं त्याला लिफ्टवाले आजोबा म्हणायला लागली होती. पण ताईच्या तोंडी तो बाळ्याच.

ताईनं लग्न केलं नव्हतं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. वाफेच्या मोठ्या रुळाखाली चादर सरकवायची, पलीकडच्या बाईनं ती ओढून घ्यायची. निवृत्त झाल्यावर ती आईवडिलांच्या घरात एकटीच राहत होती, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत होती लाईन.

लाईन म्हणजे वडिलांनी हातानं उभी केलेली लहानशी रेल्वे. वडील कोळशाच्या वजनकाट्यावर कामाला होते. दिवसभर भरलेल्या वाघिणी काट्यावर चढताना बघायच्या आणि घरी येऊन पुन्हा त्याच करत बसायचं, बोटभर लांबीच्या. मालगाडीच्या डब्याला ते जुन्या पद्धतीनं वाघीणच म्हणत, त्यामुळे लहानपणी बाळ्याची समजूत होती की बाबा कामावर जनावरं तोलतात. हे ताई अजून सांगायची आणि सांगण्याआधी स्वतःच हसायची.

रूळ खोलीभर मांडलेल्या टेबलांवर होते आणि खोलीच्या मधोमध उभी फळी होती. फळीच्या एका अंगाला वीजघर, दुसऱ्या अंगाला कोळशाची खाण. भरलेली गाडी खाणीतून निघायची आणि खोलीला वळसा घालून वीजघरात शिरायची. रिकामी तशीच वीजघरातून खाणीकडे. खुबी अशी की वीजघर आणि खाण फळीतल्या भोकांनी आतून जोडलेली होती. वीजघरात ढकललेल्या भरल्या वाघिणी फळीपलीकडे खाणीत पोचायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा भरलेल्याच बाहेर पडायच्या. एक ढेकूळ न भरता, न उतरवता बघणाऱ्याला वाटायचं की खाण धडाक्यात चाललीय. कोळसा मात्र खरा होता. बाबांनी तो कुटून, चहाच्या गाळणीतून गाळून वाघिणींत चिकटवला होता. आई बरीच वर्षं ती गाळणी परत मागत होती.

लाईन चालवायला दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागायचा. बाबांनीच वाटणी करून दिली होती, वीजघर बाळ्याचं आणि खाण ताईची. एकमेकांची तोंडं दिसत नसत. मध्ये दारावरची जुनी घंटा बसवली होती. ताईनं वाजवली की गाडी तयार, बाळ्यानं वाजवली की सोड. वर्षभर दुसऱ्यांच्या वायरी उचकटणाऱ्या बाळ्याला त्या घंटेच्या आवाजानं कसं न्हाऊन निघाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी तो आला तेव्हा ताई नेहमीसारखीच दारात उभी होती. जेवण तयार होतं, खोली झाडलेली होती, रूळ पुसलेले होते. बाळ्यानं जेवता जेवता प्रवासाचं, मुलीचं, बायकोच्या गुडघ्याचं सांगितलं आणि हात धुऊन थेट मागच्या खोलीत गेला. तू कशी आहेस हे त्यानं विचारलं होतं, पण ते दारात चपला काढताना. ताई म्हणाली होती, छान.

पहिल्या एक-दोन गाड्या बऱ्या गेल्या. मग घंटेला उशीर व्हायला लागला. बाळ्या गाडी चालवायच्या खुंटीवर हात ठेवून उभा, आणि पलीकडून काही नाही. खाणीवर काम थोडं नाजूक असतं हे खरं. तारेच्या बारीक आकड्यानं इंजिन सोडवायचं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं. पण ताईचा हात त्यात बसलेला होता. बाळ्यानं आधी विनोद केला की खाणीत संप झालाय वाटतं. पलीकडून हसण्याचा आवाज आला, घंटा आली नाही. मग त्यानं फळीवर टकटक केलं. मग त्याचा आवाज चढला. शेवटी घंटा वाजली, गाडी निघाली, आणि वळणावर येते न येते तोच इंजिनामागची जोड सुटली. मागचे डबे उतारानं मागे घसरले, रुळावरून उतरले आणि बाबांनी सगळ्यात आधी केलेली वाघीण टेबलाच्या कडेवरून खाली पडली. कोळशाचा थर तिच्यापासून सुटून फरशीवर भुगा झाला.

"नीट जोडलं नव्हतंस," बाळ्या म्हणाला. "बाबा असते तर असली ढिलाई चालवून घेतली नसती."

पलीकडून ताई म्हणाली, "चुकलं माझं."

भुगा गोळा करायला बाळ्या टेबलाखाली शिरला. फळी खालपर्यंत नव्हती. रांगत पुढे गेला आणि सहज मान वर केली तर ताई दिसली. सबंध आयुष्यात लाईन चालू असताना त्यानं तिला त्या बाजूला पाहिलंच नव्हतं. ती स्टुलाच्या अगदी कडेवर बसली होती. उजव्या हातात तारेचा आकडा होता आणि तो हात हलत होता. थंडीनं हलावा तसा नाही, कुणीतरी बाहेरून धरून हलवावा तसा. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट आवळून धरलं होतं, कोपर टेबलाला टेकवलं होतं, खालचा ओठ दातांत होता आणि ती पुढच्या गाडीचं इंजिन सोडवायचा प्रयत्न करत होती. आकडा इंजिनावर बसायच्या आधीच निसटत होता. ती पुन्हा लावत होती.

बाळ्या तिथल्या तिथे बसून राहिला. मग फळीला वळसा घालून न जाता तसाच खालून पलीकडे निघाला आणि तिच्या पायाशी उभा राहिला. ताईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्यानं विचारलं तेव्हा तिनं फार न लपवता सांगितलं. कंपवात आहे म्हणाले डॉक्टर. गोळ्या चालू आहेत. दोन हिवाळे झाले. म्हणजे मागच्या सुट्टीतही होतं. मागच्या सुट्टीतही घंटेला उशीर झाला होता आणि बाळ्यानं तिला खाण विकून टाक म्हणून चिडवलं होतं. जेवताना तिनं आज ताटाऐवजी वाडग्यात घेतलं होतं, चमच्यानं खाल्लं होतं, चहा अर्धाच कप भरला होता. हे सगळं त्याच्या समोर झालं होतं. लिफ्टच्या दोराचा एक धागा तुटला तरी ज्याच्या कानाला कळायचं, त्याला हे दिसलं नव्हतं.

"आता गाड्या बंद," बाळ्या म्हणाला. आपण मोठंच काहीतरी सोडून देतोय अशा आवाजात म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. "मग तू येणार कशाला?"

"तुला भेटायला."

ताईनं पदर आणखी ओढून घेतला. पदराखाली हात हलत होते. मग म्हणाली, "मला ह्या गाड्या कधीच आवडल्या नाहीत रे बाळ्या. बाबांनी उभं केलं म्हणून उभी राहिले. मग बाबा अंथरुणाला खिळले, आणि तू नुसता गाड्यांसाठी यायला लागलास. म्हटलं, येतोय ना, येऊ दे."

बाबा अंथरुणाला खिळलेले असतानाचं बाळ्याला सगळं आठवत होतं, पण आजवर वेगळं आठवत होतं. सुट्टीत तो आला की बाबांना खुर्चीत बसवून मागच्या खोलीत आणायचे. भरलेली गाडी वळणावरून आली की बाबा एका हाताची बोटं हलवायचे. शेजारी म्हणायचे, मुलगा असावा तर असा, बापाला कसा हसवतो बघा. बाळ्याला ते पटायचं. बाबांना खुर्चीत बसवण्याआधी कुणी पुसलं, कुणी कपडे बदलले, तो परतीच्या गाडीला निघाल्यावर कुणी परत अंथरुणावर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी कोण इस्त्रीच्या रुळापाशी उभं राहिलं, हे त्या आठवणीत कुठेच नव्हतं.

उरलेले दिवस त्यानं घरात काही ना काही केलं. नळाची गळती थांबवली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, दिव्यांची बटणं बदलली. ताई म्हणाली, बस रे जरा. बसला की त्याला बोलायला सुचेना. लाईनबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर दोघांकडे बोलण्यासारखं किती थोडं आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तिला रात्री झोप लागते का, तिची मैत्रीण कोण, तिला कशाची भीती वाटते, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. निघताना तो तिला म्हणाला की मी तुला ढिलाई म्हणालो ते मनावर घेऊ नकोस. ताई म्हणाली, मी विसरले. ते खोटं आहे हे दोघांनाही कळत होतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली की मला वाटलंच होतं, गेल्या वर्षी फोनवर ताईंचा आवाज बारीक झाला होता. तू मला का नाही सांगितलंस, असं बाळ्या विचारणार होता, पण त्यानं तोंड मिटलं. बायकोनं ओळखलं होतं, आणि तो तर तिथे जाऊन आला होता.

पुढच्याच आठवड्यात एका इमारतीत एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या. कामात बाळ्याची ख्याती दोन गोष्टींची होती. एक म्हणजे हात, आणि दुसरी म्हणजे अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलत राहणं. तो त्यांना घाबरू द्यायचा नाही. त्या दिवशीही एकीकडे त्याचं काम चाललं होतं आणि दुसरीकडे तो विचारत होता. आजी, बसलात का, पाठ टेकवा, कुणाकडे निघाला होतात, नातीचं नाव काय, गुडघा कोणता दुखतो, डावा का, माझ्या बायकोचाही डावाच. आजीबाई बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, तुझ्या घरची माणसं नशीबवान.

बाळ्या हत्यारांची पेटी घेऊन जिन्यात बसला.

मग एका अगदी साध्या दिवशी, सुट्टी नाही काही नाही, तो ताईकडे गेला. न कळवताच. दार उघडल्यावर ताईचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. असाच आलोय."

तिला ते खरं वाटायला वेळ लागला. आत एक ठेंगणी, जाडसर बाई पाय पसरून वाटाणे सोलत बसली होती. ही धुलाईघरातली, रुळाच्या पलीकडून चादर ओढणारी. आठवड्यातून दोनदा यायची, ताईची वेणी घालायची, बटणं लावून द्यायची, आणि मग दोघी मिळून धुलाईघरातल्या जुन्या मुकादमाच्या नकला करत पोट धरून हसायच्या. हे बाळ्याला त्या दिवशी कळलं. बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे का ते सुट्टीतले भाऊ?" ती म्हणाली.

ताई म्हणाली, असू दे गं. बाळ्या कानापर्यंत लाल झाला. तो खाली बसला आणि वाटाणे सोलायला लागला. दोघी बोलत होत्या. त्यातली निम्मी माणसं त्याला माहीत नव्हती, निम्मे विनोद कळत नव्हते. तो मध्ये बोलला नाही. कपबशा धुतल्या, त्या कुठे ठेवायच्या ते विचारलं. दुपारी बाई गेली तेव्हा त्यानं ताईला विचारलं की पुन्हा येऊ का.

ताईनं जरा विचार केला. "ये की. पण आधी कळव. पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे जायचंय."

"मी नेतो."

"ती नेते मला," ताई म्हणाली. "तू हवं तर बरोबर ये."

तो गेला. दवाखान्याच्या बाकावर तिघं बसली, मध्ये ताई. ह्या बाजूनं तिचा हात बाळ्याच्या हाताला लागत होता आणि त्याला तो थरथरताना कळत होता. धरावा असं वाटत होतं, पण आपण तो कधी धरलेलाच नाही, आता कसा धरायचा, असं त्याला झालं होतं. नर्सनं दार उघडून ताईला हाक मारली आणि विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे, एकानंच आत या.

बाळ्या अर्धवट उठला. बाई आधीच उभी राहिली होती, तिच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं नीट लावलेली होती, कुठली कधी हे तिला पाठ होतं. बाळ्या परत खाली बसला.

ताई दारापर्यंत गेली, थांबली, आणि नर्सला म्हणाली की दोघांना येऊ द्या, तो माझा भाऊ आहे, त्याला काहीच माहीत नाही. नर्सनं खांदे उडवले. बाळ्या उठला आणि त्या दोघींच्या मागून आत गेला. खुर्च्या दोनच होत्या. तो भिंतीशी उभा राहिला आणि डॉक्टर काय सांगतात ते कान देऊन ऐकू लागला.