शेजाऱ्याचं आडनाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. कोऱ्या चामड्याचा वास आला की अमेरिकेत, कॅरी शहरातल्या आमच्या बॅकयार्डमधली ती दुपार आठवते. गावाहून आलेले बाबा होते, ओळखीची मराठी कुटुंबं होती, ग्रिलवर कणसं भाजत होती आणि शेजारचा टॅनर इंग्रजीत रंगून सांगत होता, "आमचे पूर्वज इंग्लंडात चामडं कमवायचे. लेदर! त्यावरूनच हे आडनाव पडलं. तुमचे काय करायचे?" बाबांनी जन्मभर तेच काम केलं, त्यावरच मी शिकलो. पण आमचं आडनाव गावावरून लावलेलं, त्यामुळे तिथल्या कुणाला आमची जात कळली नव्हती. "फार्मिंग," मी म्हणालो. "वाटलंच यार! काकांचा रुबाबच पाटलाचा आहे," एक मित्र म्हणाला आणि सगळे हसले. "काय विचारत होता रे तो?" बाबांनी मला विचारलं. "काही नाही, हवापाण्याचं." "लेदर म्हणाला ना? तेवढं इंग्रजी येतं मला," ते हळूच म्हणाले आणि समोरचं कणीस खात राहिले. भारतात परत जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. आता दर रविवारी आमचा फोन होतो, तब्येतीचं आणि नातवंडांचं बोलणं होतं. त्यांची माफी मागायची अजून राहिलीच आहे.