चौथ्या कोपऱ्याचा चरग

धाकट्या जावेचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात घरात उठताबसता तिचंच नाव. हुबळीला दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं, आणि गावाबाहेर काळ्या रानाचा एक तुकडा. त्या रानाच्या पूर्वेकडच्या गवताळ कोपऱ्यात तिला माळढोकाचं घरटं दिसलं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर एक अंडं. मामंजी म्हणाले, त्यांच्या तरुणपणी हे पक्षी रानात घोळक्यानं चरायचे. बंदुकवाल्यांनी पार संपवले, आता एखादा दिसला तर दिसला. झालं, धाकटीनं गवत कापणाऱ्या बायकांना कानडीत गोड बोलून तो कोपरा राखायला लावला. गुराख्यांनाही तिकडं फिरकू देईना. मामंजी जेवायला बसले की आधी माळढोकाची खबर विचारत, तीही तिलाच. दहा वर्षं त्यांना वाढत होते मी. माझ्याकडे ते फक्त मीठ मागत.

खरं सांगते, मी जळत होते.

शीगीहुण्णिमेला, म्हणजे कोजागरीला, दिवसा रानात जाऊन आमच्याकडे चरग टाकतात. पीक पोटात असलेल्या भुईचं ते डोहाळजेवणच. शिजवलेलं अन्न चारी कोपऱ्यांत उधळायचं. टोपली थोरल्या सुनेच्या डोक्यावर, उधळायचं तिच्या नवऱ्यानं. वर्षातला तेवढा एक मान माझा होता. त्या दिवशी तीन कोपरे झाले आणि चौथ्या, गवताळ कोपऱ्याशी धाकटी आडवी आली.

"अक्का, तिकडं चरग नको. मादी अंड्यावर बसलीय. वर्षाला एकच घालते."

आमचे हे थबकले. मामंजीही मान हलवू लागले. माझ्या मानाच्या दिवशीसुद्धा हिचंच चालायचं, या विचारानं माझं डोकं फिरलं. मी विचारलं, डोहाळजेवणाला बसवून गरोदर बाईच्या तोंडचा घास काढून घ्यायचा का? उद्या पीक बुडालं तर कोण बघणार? मी टोपली सावरून पुढं निघाले, हे मागोमाग. आम्ही चरगाच्या आरोळ्या देत त्या कोपऱ्यात गेलो. मादी उठली आणि जड पंखांनी कापसावरून लांब निघून गेली. उधळलेल्या भातावर कावळे उतरले. आम्ही बाभळीखाली जेवून येऊन पाहतो, तर गवतात नुसती टरफलं.

धाकटी मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मामंजींनी तिला खबर विचारणं सोडलं. मला हवं होतं तेच झालं होतं, तरी कितीतरी दिवस मला जेवण जाईना.

पुढच्या वर्षी मृगापासून तो कोपरा मी राखला. दर आठवड्याला बैलगाडीनं जायचे. गवताला विळा लावू दिला नाही, कुत्री हाकलली, बायकांची बोलणी खाल्ली. माळढोक काही आला नाही.

नवरात्राच्या तोंडावर धाकटी माहेराहून परतली. तिच्या वडिलांच्या रानात एका कोपऱ्यात माळढोकाची मादी अंड्यावर बसली होती. ही खबर तिनं घरात सगळ्यांच्या आधी मला सांगितली, तीही हसऱ्या तोंडानं. राखण मी करायची आणि पक्षी जायचा हिच्या माहेरी! मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. ती गेली नाही, तिथंच उभी होती.

शेवटी मी म्हणाले, "आजच्या आज तुझ्या अप्पांना पत्र घाल. हुण्णिमेला तेवढा कोपरा उपाशी ठेवा म्हणावं."