नाक्यावरची कडू भाकर

आमच्या गावाच्या दक्षिणेला एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे दुसरा जिल्हा सुरू व्हायचा. हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. देऊळगाव राजाच्या बाजारात मिरच्या विकायच्या, लग्नाचं कापड जालन्याहून आणायचं, सोयरिकी दोन्हीकडे करायच्या, ही आमची रीत. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पलीकडेच दिलेली. सकाळी न्याहारी करून निघालं की दुपारच्या आत तिच्या दारात पोचता यायचं.

मग सरकारने जिल्हाबंदी आणली. जिल्ह्यातली ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायची नाही, पोत्याने नाही आणि पदरात बांधूनही नाही. शेतकऱ्याने सरकार म्हणेल त्या भावाने लेव्ही, म्हणजे पिकातला ठरवून दिलेला वाटा, घालायची आणि उरलेली विकायची झाली तर नेमून दिलेल्या अडतीवरच विकायची. नवं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. राज्य झालं तेव्हा आमच्या बापाने गावात घरोघर गूळ वाटला होता. आता आपली माणसं, आपल्या भाषेत राज्य करतील म्हणून. आपली माणसं खरंच आली. आपल्याच भाषेत त्यांनी आम्हाला सांगितलं की हा कायदा गरिबांसाठी आहे. मला अजूनही हे वाक्य ऐकलं की कानशिलं तापतात.

आमच्याकडे त्या साली ज्वारी बरी झाली होती. पलीकडे पाऊस रुसला. कणसं भरलीच नाहीत. अक्काच्या घरी दोन वेळची चूल पेटायची मारामार झाली. तिचा नवरा जालन्याला हमालीला गेला, घरी राहिल्या त्या दोघीच, अक्का आणि तिची आंधळी सासू. आणि अक्काच्या मांडीवर दोन-अडीच महिन्यांचा पोरगा. तिकडच्या रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापली की चिरायची, आणि वास असा की ढोरंसुद्धा तोंड फिरवायची. आम्ही अक्काला माहेरी ये म्हणून निरोप धाडला. तिने उलट निरोप दिला की आंधळ्या माणसाला टाकून कशी येऊ. सासूला घेऊन ये म्हणावं, तर सासू लेकाचं घर सोडून सुनेच्या माहेरी राहायला तयार नव्हती. तिचंही चूक नव्हतं.

आमच्या घरात ज्वारी होती आणि पाच-सहा कोसांवर आमची लेक उपाशी होती. मधे फक्त नाका होता.

नाका म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, बाजूला पत्र्याची शेड. शेडीत एक कारकून आणि दोन शिपाई. आडवाटेने ओढा ओलांडावा, तर काठाने शिपाई फिरायचे, आणि सापडलेल्याची ज्वारी जायची ती जायचीच, वर माणसाला दिवसभर नाक्यावर बसवून ठेवायचे. आमची माय पहिल्यांदा वांग्यांच्या टोपलीत खाली ज्वारी लपवून गेली. शिपायाने टोपली रस्त्यावर उपडी केली. वांगी तिला परत दिली, ज्वारी ठेवून घेतली. माय घरी येऊन वांगी चिरायला बसली.

त्याच रस्त्याने शेठचे ट्रक जायचे. शेठ म्हणजे तालुक्यातला बडा अडतदार. आमची लेव्ही मोजून घ्यायचं काम सरकारने त्यालाच दिलेलं, ज्वारी विकायची ती अडतही त्याचीच. झेंडावंदनाला पुढच्या खुर्चीवर तो, शाळेच्या बक्षिसांना तो, निवडणुकीच्या जीपगाड्याही त्याच्याच. ट्रकवर ताडपत्री आवळलेली असायची. ट्रक वळणावर दिसला की शिपाई दगड दाबून बांबू वर करायचा, ड्रायव्हरला गिअरसुद्धा बदलावा लागायचा नाही. आमच्याकडून बांधील भावाने घेतलेली ज्वारी पलीकडच्या उपाशी मुलखात काय भावाने जात होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फक्त कारकुनाला कळत नव्हतं.

एकदा वरचे कुणी साहेब गावात आले. चावडीपुढे सतरंजी अंथरली. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर शेठ. लोक बोलायला लागले, आधी दबून, मग मोकळे होऊन. आमचा बाप उठला.

"साहेब, माही लेक वढ्याच्या तिकडं हाये. बाळंतीण हाये. तिले खायले नेऊ द्या."

साहेब म्हणाले, "अहो, एकाला सूट दिली की सगळेच नेतील. साठेबाज आणि काळाबाजारवाल्यांना आळा घालायचा तर थोडी कळ सोसली पाहिजे."

"मंग ते ट्रक कोन्हाचे हायेत?" मागून कुणीतरी विचारलं.

साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठ हसला आणि म्हणाला, "सरकारी माल आहे. मी तर नुसता हमाल." माझ्या बापाला त्या दिवसानंतर मी कुठल्याही सभेत उठलेलं पाहिलं नाही.

आता कडू भाकरीचं सांगते. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. सोयऱ्याधायऱ्यांनी आपल्या घरून भाकरी आणि पिठलं रांधून न्यायचं, दुःखातल्या माणसांच्या तोंडात बळेबळे घास घालायचा. ती कडू भाकर. ती घेऊन जाणाऱ्याला वाटेत कुणी हटकत नाही. कुठं चाललात म्हणून विचारत नाही, थांबवत नाही. समोरून येणारी गाडीसुद्धा बाजूला होते.

आमच्या शेजारची म्हातारी पलीकडे भाचा वारला म्हणून अशी भाकर घेऊन गेली. कारकुनाने गाठोड्याला हात लावला नाही. परत आल्यावर ती मायला म्हणाली, "अवं, भाकर म्हंजे काई ज्वारी नोहे. ने ना लेकीले बांधून."

माय तिच्यावर भडकली. "जित्त्या घरी कडू भाकर नेऊ? तुले काई वाटते का बोलाले?"

म्हातारी उठून गेली. पण त्याच आठवड्यात जालन्याच्या बसमधल्या एका ओळखीच्या बाईकडून निरोप आला की अक्काचं दूध आटलंय, पोरगं रात्रंदिवस रडतं. दुसऱ्या दिवशी मायने भल्या पहाटे उठून भाकरी थापायला घेतल्या. टोपली भरली तरी थापतच होती. मी वाटून-घाटून पिठलं केलं. धुवट पांढऱ्या फडक्यात गाठोडं बांधलं आणि आम्ही दोघी निघालो.

नाक्यावर कारकुनाने विचारलं, "कोण गेलं?"

"इहीन," माय म्हणाली आणि रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं. ज्या बाईने आजवर लेकीला एक वाकडा शब्द बोलला नव्हता, तिला तोंडाने मारून टाकताना मायला रडू येणारच. कारकून खुर्चीतून अर्धा उठला. शिपायाने आमच्यासाठी बांबू वर केला, शेठच्या ट्रकला करायचा तसा.

अक्काच्या घरी पोचून मायने विहिणीचे पायच धरले. काय केलं ते सांगितलं. आंधळी म्हातारी हसत सुटली. "इहीनबाई, मले रोज मारा. लेकराले दूध येऊ द्या म्हंजे झालं." तिने स्वतःच्या नावाची कडू भाकर चुरून पिठल्यात कालवून खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाली की मेल्यावर एवढी चव लागते हे ठाऊक नव्हतं. त्या घरात त्या दिवशी आम्ही चौघी पोट धरून हसलो. उरलेल्या भाकरी उन्हात वाळवून ठेवल्या. पाण्यात भिजवल्या की चार-पाच दिवस जायचे.

पण गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. ज्यांच्या ज्यांच्या लेकी पलीकडे होत्या त्या सगळ्यांनी चुली पेटवल्या. त्या दीड-दोन महिन्यांत ओढ्यापलीकडे एक सासू, एक मामेसासरा, एक चुलतदीर म्हणून जिवंत उरला नाही. बायका वाटेने जाताना एकमेकींना विचारायच्या, तुमचं आज कोण? आमच्या विहिणीला आम्ही दोनदा मारू शकत नव्हतो, म्हणून पुढच्या वेळी तिची जाऊ मेली, मग नणंद. अक्काला थोडं थोडं दूध यायला लागलं. पोरगा हसायला शिकला होता, मीच पाहिलं.

मग एक दिवस शेडीत नवा हुकूम लागला. शिजवलेलं, भाजलेलं, दळलेलं, कसलंही धान्य पुढे न्यायचं नाही. कुणी चुगली केली ते आम्हाला कळलं नाही. शेठचा मुनीम नाक्यावर चहाला बसायचा एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या बायकांना फुकट भाकरी मिळत राहिली तर त्याची ज्वारी कोण घेणार होतं? कारकुनाने आमचं गाठोडं सोडायला लावलं. "तुमच्या गावाच्या सोयऱ्यांत पटकी आली की काय?" तो म्हणाला आणि शिपाई हसला. भाकरी तिथंच ठेवून घेतल्या. आम्ही मान खाली घालून घरी आलो.

त्यानंतर तीन-चार आठवडे अक्का मिलोवर होती. पोराला हगवण लागली.

तिच्या चुलतदिराने भर दुपारी येऊन दारातूनच सांगितलं. तो आत आला नाही, पाणी प्यायला नाही. माय ओसरीवर तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, आत गेली, चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. मी म्हटलं, माय, आधी जाऊ आपण. ती म्हणाली, "त्या घरी चूल नाई पेटाची आज. रिकाम्या हातानं कशी जाऊ?" तिने मोजक्याच भाकरी केल्या. त्या दिवशी साठवायला नेत नव्हतो.

बापही आमच्याबरोबर निघाला. नाक्यावर कारकुनाने गाठोडं पाहिलं आणि खुर्चीला टेकून बसला.

"आता कोण?"

मायने तोंड उघडलं. विहिणीला, तिच्या जावेला, नणंदेला मारताना जी घळाघळा रडली होती, तिच्या डोळ्यांत आता टिपूस नव्हतं. ती नुसती ओठ हलवत राहिली.

बाप म्हणाला, "साहेब, नातू गेला."

"मागं विहीण गेली होती ना?" कारकून म्हणाला. "गाठोडं ठेवा आणि जा. माणसं जाऊ शकतात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या तोंडून तशा शिव्या निघतात हे बापाला त्या दिवशी कळलं. शिपाई मधे आला. तेवढ्यात ट्रक आला. शिपाई मला सोडून दगड दाबायला धावला. ताडपत्रीखालून चार-दोन दाणे रस्त्यावर सांडले आणि ट्रक पुढचा चढ चढून दिसेनासा झाला. आपल्याच शिवारातली ज्वारी होती ती, पांढरीशुभ्र.

माय तेव्हा पुढे झाली. तिने गाठोडं कारकुनाच्या टेबलावर ठेवलं, गाठ सोडली, वरची भाकरी मोडून तुकडा त्याच्यापुढे धरला.

"कडू भाकर घरी वापस नेत नाई, साहेब. ज्याच्या घरी मेलं त्याच्याच तोंडात घालतो आमी. घ्या."

कारकून उठून शेडीच्या मागे गेला. शिपाई खाली पाहत उभा राहिला. मायने तुकडा टेबलावर ठेवला, गाठोडं तिथंच सोडलं आणि ती बांबूखालून वाकून पलीकडे गेली. आम्ही तिच्या मागे.

अक्काच्या घरी पोचलो तेव्हा माणसं पोराला पुरून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. अक्काचा नवरा जालन्याहून अजून पोचला नव्हता. भाऊबंदांपैकी कुणाकडे पीठ नव्हतं, त्यामुळे कुणी भाकर आणलेली नव्हती. सगळे आमचीच वाट पाहत होते. विहीण अंदाजाने मायच्या हाताकडे हात नेऊन चाचपायला लागली. दोन्ही हात रिकामे लागले. ती उठली, भिंत धरत चुलीपाशी गेली आणि मला म्हणाली, "पेटव वं पोरी. मले दिसत नाई."

मी मायकडे पाहिलं. तिने मान वळवली. मूल गेलेल्या घरात, त्याच दिवशी, मी चूल पेटवली. डब्यात मिलोचं पीठ होतं. थापलेली प्रत्येक भाकरी कडेने चिरत होती आणि मी ओल्या बोटाने सांधत होते.

अक्का कोपऱ्यात बसली होती. छातीशी तिचं लुगडं ओलं झालेलं होतं, दूध येत होतं. मी ताटलीत भाकरी वाढून तिच्यापुढे बसले, एक घास मोडून तिच्या तोंडाशी नेला. तिने माझा हात धरला.

"मायच्या हातची हाये का?"

भाकरी लालभडक होती. मी म्हटलं, "हाव." अक्काने तोंड उघडलं.